एक नंबरचं बूच

आमच्या जहाजाच्या बड्या मालमाला शौर्यपदक मिळणार असं पत्र घरी आलं, तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं हसलो की ताई हातातलं काम टाकून बाहेर आली. बडा मालम म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी. आम्ही भट्टीत कोळसा टाकणारे लोक त्याला इस्त्रीसाहेब म्हणायचो, कारण जहाज कितीही डोललं तरी त्याच्या पँटची घडी मोडत नसे. त्या माणसात सरळ असं तेवढंच होतं.

पत्र कंपनीचं होतं, चांगल्या जाड कागदावर. टॉर्पेडो लागून जहाज बुडालं त्याला दोन वर्षं होत आली होती, लढाई संपायचं नाव घेत नव्हती, आणि लोकांना जरा धीर यावा म्हणून समारंभ ठरला होता. वाचलेल्या खलाशांनी आणि गेलेल्यांच्या घरच्यांनी अवश्य यावं, चहापाण्याची सोय केली आहे, असं खाली लिहिलं होतं. ताईनं पत्र दोनदा वाचलं.

"ह्यांचं नाव घेतील का रे?" तिनं विचारलं.

"घेतील की. का नाही घेणार?"

"नाही, आपलं विचारलं. एकदा चारचौघांत कोणीतरी घ्यावं असं वाटतं."

ह्यांचं म्हणजे तिच्या नवऱ्याचं. माझे भावोजी त्याच जहाजावर सुतार होते. मला कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्यांनीच शब्द टाकून मला भट्टीवर चिकटवलं होतं. ते परत आले नाहीत. मी आलो, आणि तेव्हापासून ताईच्या घरातल्या मागच्या खोलीत राहत होतो. तिला मी सांगितलं होतं की स्फोट झाला त्याच क्षणी भावोजी गेले, त्यांना कळलंसुद्धा नसेल. ही थाप मी दोन वर्षं तिच्या हातचं गरम जेवून पचवली होती. इस्त्रीसाहेबाची मला किळस येते हे खरंच आहे, पण दाढी करताना मीही आरशात हनुवटीच्या वर फारसं बघत नाही.

आता बुचाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यापाशीच अडलेलं आहे. जहाजाच्या कडेला ज्या होड्या टांगलेल्या असतात त्यांच्या तळाला एक भोक असतं. पावसाचं पाणी साचू नये म्हणून ते उघडं ठेवतात, आणि होडी समुद्रात सोडायच्या आधी त्यात लाकडी बूच ठोकतात. बूच भोकाच्या शेजारीच साखळीनं बांधलेलं असतं, म्हणजे घाबरलेल्या माणसाच्या हाताला ते शोधल्याशिवाय लागावं. एवढी साधी गोष्ट आहे. पाच वर्षांच्या पोराला सांगितली तर त्यालाही कळेल.

इस्त्रीसाहेबाला साखळी खुपली. साखळीचा गंज होडीच्या पांढऱ्या रंगावर ओघळायचा, आणि बंदरात तपासणीला येणारे लोक रंग बघतात, भोक बघत नाहीत. म्हणून त्यानं चारही होड्यांची बुचं काढून आणायला लावली. त्यांना पॉलिश करवलं. त्यांच्यावर एक ते चार असे पितळी आकडे ठोकवले, आणि आपल्या कोठडीबाहेर काचेचं कपाट करवून त्यात ती मखमलीवर मांडली. कपाटाला कुलूप, किल्ली साहेबाच्या खिशात, कारण भट्टीवाले चोर असतात असं त्याचं ठाम मत होतं. बुचं चोरून आम्ही काय करणार होतो कोण जाणे. कानात घातली असती तर निदान त्याची भाषणं ऐकू आली नसती.

कपाट भावोजींनीच बनवलं. बनवता बनवता ते म्हणाले, "साहेब, बूच होडीत असायला हवं."

"तू सुतार आहेस. तू लाकडाचं बघ."

"साहेब, बूच लाकडाचंच आहे."

हे ऐकून आम्ही हसलो ही आमची चूक. साहेबानं भावोजींना पुढचे आठ दिवस संडासांची दारं दुरुस्त करायला लावली. पुढच्या बंदरात तपासणीचा अधिकारी आला, त्यानं कपाटासमोर उभं राहून मान डोलावली आणि इतकं टापटिपीचं जहाज आपण पाहिलं नाही असा शेरा लिहून गेला. एका उंटावरच्या शहाण्याला दुसरा भेटला की असंच होतं.

टॉर्पेडो लागला तो सकाळी दहाच्या सुमाराला, स्वच्छ उन्हात. माझी पाळी नुकतीच संपली होती आणि मी तोंडावरचा कोळसा धुवायला वर आलो होतो. खाली भट्टीवर जे होते त्यांच्यातलं कोणी वर आलं नाही. कप्तान ज्या बाजूला होता ती बाजूच राहिली नाही. त्या बाजूच्या दोन होड्यांच्या फळ्या झाल्या, तिसरी अर्धवट लटकून अडकली, आणि राहिली एक नंबरची. आम्ही वीसेक जण तिच्याकडे धावलो. भावोजींनी आत वाकून बघितलं आणि ओरडले, "बूच!"

इस्त्रीसाहेबानं खिसे चाचपले. किल्ली दुसऱ्या पँटच्या खिशात होती. ती पँट इस्त्रीला गेली होती.

"कुऱ्हाड घे, काच फोड, आण!" तो किंचाळला.

"आणतो. पण मी येईपर्यंत होडी खाली सोडू नका," भावोजी म्हणाले, आणि जाता जाता माझा दंड धरून म्हणाले, "तू बघ रे."

मी बघितलं. साहेबानं होडी खाली सोडायचा हुकूम दिला तेही बघितलं. होडी पाण्याला टेकली मात्र, खालून घोट्याएवढी धार उसळली. कोणी टोपी कोंबली, कोणी सदरा कोंबला, कोणी नुसताच देवाचा धावा करत बसला. मी पुढच्या टोकाला होतो. होडीला जहाजाशी धरून ठेवणारा दोर माझ्या पुढ्यात आणि होडीतली छोटी कुऱ्हाड माझ्या हातात. तेवढ्यात वर कठड्याशी भावोजी दिसले. हात काचेनं फाटलेला. त्यांनी नेम धरून बूच टाकलं, ते होडीतल्या पाण्यात पडलं, इंजिनाला तेल घालणाऱ्या तेलवाल्यानं चाचपून शोधलं आणि टाचेनं ठोकून बसवलं. धार थांबली. आम्ही जगणार होतो हे त्या क्षणी प्रत्येकाला कळलं.

भावोजी कठड्यावर पाय टाकून दोराच्या शिडीवर उतरले. आणि जहाजाच्या पोटात काहीतरी मोठ्यानं मोडलं.

"दोर तोड!" इस्त्रीसाहेब ओरडला. "जहाज आपल्याला घेऊन बुडेल! तोड!"

मी तोडला. हुकूम त्याचा होता, पण हुकमाला हात नसतात. हात माझे होते. भावोजी शिडीच्या चौथ्या पायरीवर होते. ते किंचाळले नाहीत, त्यांनी शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "अरे, थांब की." बाजारात जरा पुढे निघून गेलेल्या माणसाला म्हणावं तसं.

त्यानंतर जहाज चाळीस मिनिटं तरंगत राहिलं. त्याला बुडायची काही घाई नव्हती, घाई सगळी आम्हाला होती. वाऱ्यानं आम्ही लांब ढकलले जात होतो. तेलवाला म्हणाला, "साहेब, मागे वल्हवू या," तर साहेब म्हणाला, "इतक्या जिवांची जबाबदारी माझ्यावर आहे." भावोजी परत वर चढले होते. लांबून दिसत होतं की ते फळ्या ओढून एकाला एक बांधताहेत. तराफा करत होते. तो पुरा व्हायच्या आत जहाज एकदम कुशीवर वळलं. मी बघत होतो. मला बघायलाच सांगितलं होतं ना.

पुढचे अकरा दिवस आम्ही त्या होडीत काढले, आणि इस्त्रीसाहेबानं तिथंही जहाज चालवलं. रोज सकाळी हजेरी. हजेरी हुद्द्याप्रमाणे, पाण्याचा घोट हुद्द्याप्रमाणे, आणि बिस्किटाचा तुकडा कोणी आवाज करून खाल्ला तर तंबी. ओठ फाटून रक्त येत होतं आणि हा आम्हाला उरलेला दोर नीट गुंडाळून ठेवायला लावत होता. ज्या दोराचं टोक मी तोडलं होतं तोच. दिशा त्याला सूर्यावरून कळते म्हणाला. सहा दिवस आम्ही त्याच्या सूर्याच्या मागे वल्ही मारली, आणि सातव्या दिवशी त्यानं कबूल न करता होडी फिरवून घेतली. दोन माणसं त्या दिवसांत गेली. त्यांनाही त्यानं हजेरीतून रीतसर कमी केलं. अकराव्या दिवशी एक मालाचं जहाज भेटलं, तेही कसं, तर ताफ्यापासून चुकलेलं. चुकलेल्यांना चुकलेला भेटला आणि सोळा जण वाचले. पुढे वर्तमानपत्रात छापून आलं की हे बड्या मालमाच्या अचूक नौकानयनाचं फळ होय.

इस्पितळात माझे पाय भोपळ्यासारखे सुजले होते. तिथं कंपनीचा कारकून टाइप केलेला कागद घेऊन आला आणि इस्त्रीसाहेब त्याच्या मागोमाग. कागदात लिहिलं होतं की होडीचं बूच जागेवर ठेवणं हे सुताराचं काम असून त्याच्या निष्काळजीपणामुळे ते जागेवर नव्हतं. कपाट नाही, कुलूप नाही, किल्ली नाही, पँट नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या इतक्या सुबक टाइप केलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. मी मान वर केली, तेव्हा साहेब माझ्या उशाशी वाकला आणि अगदी मायेनं म्हणाला, "दोर कोणी तोडला, ते मी कागदात घातलेलं नाही. तुझी बहीण आहे ना त्याची बायको?"

मी सही केली. पेन चांगलं चालत होतं. बाकीच्यांनीही केल्या, त्यांना लवकर घरी जायचं होतं, पण मेलेला माणूस त्यांचा कोणी नव्हता. माझा होता. मी विकला गेलो तो शांतपणे झोप लागावी म्हणून, आणि झोपही धड मिळाली नाही.

समारंभाच्या दिवशी ताईनं ठेवणीतले कपडे घातले. मला म्हणाली, "ती कॉलर नीट कर, लोक बघतील." सभागृहात खुर्च्यांच्या रांगा होत्या. पहिल्या तीन रांगांत कंपनीचे लोक, त्यांच्या बायका आणि बायकांच्या टोप्या. आम्ही अकराव्या रांगेत. मंचावर कंपनीचा अध्यक्ष घाम पुसत बसला होता. ह्या माणसानं समुद्र पाहिला असेल तो आपल्या खिडकीतून. तो अर्धा तास बोलला, आणि मग म्हणाला की वेळेअभावी गेलेल्यांची नावं वाचता येत नाहीत, त्यांची यादी दाराजवळ लावली आहे, चहाच्या वेळी बघावी.

 ताईनं मांडीवरची पिशवी जरा घट्ट धरली.

मग इस्त्रीसाहेब उठला. पँट अर्थातच कडक. पदक छातीवर टाचून घेतलं आणि बोलायला लागला. तो आता नम्रही झाला होता, म्हणजे किती पोहोचलेला बघा. म्हणाला, मी काही केलं नाही, फक्त कर्तव्य केलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्यातल्याच एकाच्या हलगर्जीपणामुळे होडीचं बूच जागेवर नव्हतं. तो आज हयात नाही. गेलेल्या माणसाचं नाव मी घेणार नाही. आपण सर्वांनी त्याला क्षमा करावी."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं डोळे टिपले. ह्याच्या मोठेपणाला म्हणे.

ताई टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्या कानाशी आली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"कोण रे तो मेला? कोणाचं नाव घेत नाहीये तो?" ती म्हणाली. "एका बुचाकडे लक्ष देता आलं नाही त्याला? हे असते तर त्यांनी असं कधी होऊ दिलं नसतं."

मी तिच्याकडे बघितलं. गप्प बसणं सोपं होतं. दोन वर्षांचा सराव होता. नुसतं 'माहीत नाही' म्हणालो असतो तरी संध्याकाळी ताट मिळालं असतं, आणि ती जन्मभर स्वतःच्याच नवऱ्याला शिव्या देत राहिली असती. बोललो, तर भावोजी सुटणार होते. पण पुढचा प्रश्न ती विचारणारच, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं. इतका नालायक मी आहे की तेव्हाही मी जरा वेळ घेतला.

मग उभा राहिलो. खुर्ची मागे पडली, त्यामुळे सगळे वळले.

"बूच कपाटात होतं," मी म्हणालो. "काचेच्या कपाटात, कुलपात, मखमलीवर. ह्या साहेबानं ठेवलं होतं. किल्ली ह्याच्या दुसऱ्या पँटमध्ये होती. ज्याला हा क्षमा करतोय त्या सुतारानं काच फोडून बूच आणून दिलं, म्हणून हा इथं पदक लावून उभा आहे."

 अध्यक्षानं साहेबाकडे बघितलं, साहेबानं कारकुनाकडे, आणि कारकून लगबगीनं कागद घेऊन खाली आला. ह्या लोकांनी माझी सही पदकाबरोबरच आणून ठेवली होती. "ही सही आपलीच ना?" तो म्हणाला.

"माझीच."

"मग?"

"मग काय? तेव्हा खोटं लिहिलं, आता खरं बोलतोय."

इस्त्रीसाहेब मंचावरून खाली आला, माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना म्हणाला, "समुद्रात अकरा दिवस काढले की काहींच्या डोक्यावर परिणाम होतो. आपण समजून घेऊ या." माना डोलल्या. सगळ्यांना फार बरं वाटलं. पहिल्या रांगेतली ती बाई पुन्हा डोळे टिपायला लागली, ह्या वेळी माझ्यासाठी. त्या तीनशे लोकांत एकानंही माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि का ठेवावा? कागदावर सही होती. विश्वास ठेवला तो एकटीनं.

"हे स्फोटात गेले नाहीत?" ताईनं विचारलं. ती अजून बसलेलीच होती.

"नाही."

"बूच दिल्यावर खाली यायला वेळ होता?"

"बाई, त्या धांदलीत वेळेचा हिशेब कोणी..." साहेब सुरू झाला.

"तुम्हाला नाही विचारलं," ताई म्हणाली. त्याच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. पायपुसण्याकडे जितकं बघतात तितकंही नाही.

"होता," मी म्हणालो. "जहाज चाळीस मिनिटं वर होतं. ते शिडीवरून उतरत होते. होडी दोरानं बांधलेली होती."

"मग?"

"दोर तोडला."

"कोणी?"

इस्त्रीसाहेबानं माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, पण हसू दाबल्यावर दिसतं ते होतं. बाकी लोकांचं लक्ष आता चहाच्या टेबलाकडे गेलं होतं.

"मी," मी म्हणालो.

 ताई उठली, दाराजवळच्या यादीशी गेली, बोट फिरवत नवऱ्याचं नाव शोधलं आणि ते मोठ्यानं वाचलं. चारचौघांत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, हुद्द्यासकट. कप हातात घेतलेले लोक वळून बघायला लागले. तिनं पुन्हा एकदा वाचलं आणि बाहेर पडली.

घरापर्यंत ती माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. मी अंतर कमी केलं नाही. दाराशी आल्यावर मी बाहेरच थांबलो. मला वाटलं ती ओरडेल, थोबाडीत मारेल, माझी ट्रंक रस्त्यावर फेकेल. मी त्याची वाट बघत होतो, खरं सांगायचं तर मला ते हवं होतं.

"आत ये," ती म्हणाली. "रस्त्यावर तमाशा नको. खोली आहे, जेवण मिळेल. पण मला ताई म्हणायचं नाही. आजपासून नाही."

त्याला आता चार वर्षं झाली. लढाई संपली, इस्त्रीसाहेब कप्तान झाला आणि दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर उठला असेल. मी अजून त्याच घरात राहतो. ती वेळेवर ताट वाढते, आजारी पडलो तर औषध आणून ठेवते, शेजाऱ्यांना माझी ओळख 'मागच्या खोलीतले' अशी करून देते. तिला काय म्हणून हाक मारायची ते मला सुचलेलं नाही. काही हवं असलं की स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो आणि खोकतो.